सव्वा युनिटाचा संसार

सहलीला निघण्याच्या आदल्या रात्री मी भाड्याने घेतलेल्या मोटरहोममध्ये पहिली वस्तू लावली ती म्हणजे एक साधे भिंतीवरचे घड्याळ. स्वयंपाकाच्या छोट्याशा ओट्याच्या वर दुहेरी चिकटपट्टीने ते बसवले आणि भारतीय वेळेवर लावून ठेवले. फिनिक्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. दोन्हीकडच्या वेळेत साडेबारा तासांचे अंतर आहे, आणि ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नसल्यामुळे ते बाराही महिने तेवढेच राहते. पाटणला, म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातल्या माझ्या माहेरी, सकाळचे आठ वाजतात तेव्हा आमच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. त्या वेळी आईची पूजा आणि दुसरा चहा आटोपलेला असतो, मी कामावरून परतून स्वयंपाकाला लागलेली असते, आणि आम्ही बोलतो. वडील २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून हा फोन झाला नाही असे दिवस मला बोटांवर मोजता येतील.

मार्चच्या अखेरीस आम्ही नवराबायकोने सोळा दिवसांसाठी चोवीस फुटी मोटरहोम भाड्याने घेतले. ग्रँड कॅन्यन, तिथून पेज हे गाव, मग मॉन्युमेंट व्हॅली आणि शेवटी युटा राज्यातले नॅचरल ब्रिजेस असा मार्ग ठरला. इथे या गाड्यांना सरसकट आरव्ही म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सगळे असते आणि घर बरोबर घेऊनच माणूस रानात जाऊन राहतो. जाण्याआधी भेटलेल्या जवळपास प्रत्येक मित्राने एकच सल्ला दिला, की आता तरी फोन बंद करून ठेव, चार दिवस जगापासून सुटका करून घे. त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्या सल्ल्यातला थकवा मला कळतो. तरीही तो सल्ला मला मान्य नाही, आणि का नाही ते मला नीट सांगायचे आहे.

२०१४ मध्ये आम्ही असेच एका दरीत तंबू घेऊन दोन रात्री राहिलो होतो. तिथे फोनला रेंज नव्हती आणि ती नसल्याचा आम्हाला तेव्हा आनंदच झाला होता. परतताना गाडी चढ चढून वर आली आणि माझ्या मांडीवरचा फोन एकामागून एक वाजू लागला. पाटणला वडील मागच्या दारच्या पायरीवरून घसरले होते आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशनच्या कागदावर सही हवी होती, आणि एकुलत्या एका मुलीला विचारल्याशिवाय सही करायला आईचा हात धजावत नव्हता. तिने रात्रभर वाट पाहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी तिला धीर दिला आणि कागदावर सहीही त्यांनीच केली. ऑपरेशन उत्तम झाले, वडील पुढे पाच वर्षे काठी घेऊन हिंडले, आणि त्यांनी किंवा आईने मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण त्या रात्री आई एका हातात फोन धरून बाकावर बसली असेल, हे चित्र माझ्या मनातून गेलेले नाही. त्यानंतर मी रानात जाणे सोडले नाही. मात्र जाताना संपर्काची तयारी ही पाण्याच्या आणि शिध्याच्या तयारीइतकीच पहिली मानू लागले.

ज्यांचे सगळे जवळचे लोक एका शहरात राहतात त्यांना चार दिवसांचा अबोला विश्रांतीसारखा वाटत असेल. ज्यांची आई चौदा हजार किलोमीटरवर एकटी राहते त्यांचे तसे नसते. आमच्या घरी फोन नव्हता तेव्हा माझ्या बायोडेटावर पलीकडच्या वाड्यातल्या कुटुंबाचा नंबर ‘पीपी’ असे लिहून दिलेला असायचा. मी २००१ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा दुकानातून पाच डॉलरचे कॉलिंग कार्ड आणून, नाणे घासून त्यावरचा लांबलचक आकडा वाचत, तो दाबत फोन लावायचे. बोलताना मध्ये क्षणभराची पोकळी पडायची आणि दोघींचे शब्द एकमेकांवर आदळायचे. वडील तांत्रिक माणूस असल्यामुळे त्यांनी मला त्याचे कारण सांगितले होते. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह केंद्र सुरू झाले तेव्हापासून परदेशी बोलणे उपग्रहावरून जाऊ लागले. तो उपग्रह जवळपास छत्तीस हजार किलोमीटर उंचावर असतो, आणि आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. तेवढा वेळ समोरच्याला द्यायचा, असे ते म्हणायचे. माझा प्रत्येक फोन त्या वाटेने जात होता की समुद्राखालच्या केबलने, हे मला सांगता येणार नाही. पण बोलून झाल्यावर थोडे थांबायची मला तेव्हा लागलेली सवय आजही टिकून आहे.

वडील वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि वायरमन, मग पुढच्या जागेवर असे करत निवृत्त झाले. घरात त्यांनी आम्हाला दोनच गोष्टी सक्तीने शिकवल्या. एक म्हणजे कोणताही प्लग लावण्याआधी किंवा काढण्याआधी बटण बंद करायचे, आणि दुसरी म्हणजे बिलावरचा युनिट म्हणजे काय ते समजून घ्यायचे. हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर बसून घरातल्या प्रत्येक दिव्याचा हिशेब मांडलेला आहे. त्या हिशेबाचा खरा उपयोग मला चाळीस वर्षांनी एका भाड्याच्या गाडीत झाला.

त्या मोटरहोमला दोन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी बारा व्होल्टच्या आणि शंभर अँपिअर-तासांच्या, आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा शिसे-आम्लाच्या. कागदावर ही वीज दोन युनिटांच्या वर भरते. पण या प्रकारची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगी वीज निम्मीच धरायची. म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, भट्टीचा पंखा, फोन, लॅपटॉप या सगळ्या संसाराला मिळून जेमतेम सव्वा युनिट. पाटणच्या घरी एका उन्हाळी दिवसात याहून जास्त वीज सहज जाते. गाडी चालत असली की इंजिन या बॅटऱ्या भरत राहते, मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी असेल तर तिथूनही त्या भरतात, आणि छतावर शंभर वॉटचा एक सौर पॅनेल होता. आम्ही स्वतःची आणखी दोन साधने बरोबर घेतली होती: दोनशे वॉटचा घडीचा सौर पॅनेल आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असलेला एक युनिटाचा डबा. त्या डब्याला इथे पॉवर स्टेशन म्हणतात. वडिलांचे बोट धरून पोफळीचे डोंगराच्या पोटातले वीजगृह पाहिलेल्या मुलीच्या तोंडी तो शब्द लवकर रुळत नाही, म्हणून आम्ही त्याला डबाच म्हणत होतो.

पहिली रात्र ग्रँड कॅन्यनच्या अलीकडे, कैबाब राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर काढली. अशा सरकारी वनजमिनीवर चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते, पण तिथे वीज, पाणी काहीच नसते. उंची दोन हजार मीटरच्या वर असल्याने मार्चमध्येही रात्री पाणी गोठते. गाडीतली उष्णतेची भट्टी गॅसवर चालते, त्यामुळे विजेची चिंता नाही असे मी धरून चालले होते. गॅसवर पेटणारी ती भट्टी ऊब पसरवायला एक पंखा फिरवते, आणि तो पंखा रात्रभर थांबत-सुरू होत जवळपास अर्धा युनिट खातो, हे मला पहाटे कळले. बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू नयेत म्हणून बारा पूर्णांक एक व्होल्टच्या खाली आकडा जाऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. सकाळी मीटर अकरा पूर्णांक नऊ दाखवत होता. गाडीला स्वतःचा जनरेटर होता. तो गाडीच्याच टाकीतले पेट्रोल घेतो आणि टाकी पाव राहिली की आपोआप थांबतो, म्हणजे परत जायला इंधन उरते. तो तासभर चालवला, पण पाइन वृक्षांच्या त्या शांततेत त्याचा आवाज ऐकताना मला शेजाऱ्यांची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅन्यनच्या दक्षिण कडेवरच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये विजेची जोडणी होती. प्रत्येक जागेशी खांबावर एक विजेची पेटी असते. आमच्या गाडीची जोडणी तीस अँपिअरची होती, म्हणजे एकशेवीस व्होल्टच्या हिशेबाने छत्तीसशे वॉट. मोठ्या गाड्यांना पन्नास अँपिअरची जोडणी लागते आणि तिच्यात दोन फेज येत असल्यामुळे ती बारा हजार वॉटपर्यंत जाते. मी आधी पेटीतला ब्रेकर बंद केला, तीन दिव्यांचा टेस्टर खोचून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग जागच्या जागी आहे ना ते पाहिले, मग प्लग लावला आणि शेवटी ब्रेकर वर केला. हे करताना मला वडिलांचा हात माझ्या हातावर असल्यासारखा वाटला. एवढे करूनही संध्याकाळी चूक झालीच. विजेचा हीटर सुरू होता, बॅटऱ्या भरत होत्या, पाणी तापत होते, आणि त्यात नवऱ्याने मायक्रोवेव्ह लावला. क्षणात सगळे अंधारले. लहानपणी फ्यूज उडाला की डीपीकडे धावणारे वडील आठवले आणि मी टॉर्च घेऊन त्यांच्यासारखीच खांबाकडे गेले.

त्या दोन दिवसांत मी वहीत जो हिशेब मांडला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. वीज खाते ती उष्णता. केस वाळवण्याचे यंत्र, हीटर, किटली, टोस्टर या वस्तू सव्वा युनिटाच्या संसाराला परवडतच नाहीत. बोलण्याला मात्र फार थोडी वीज लागते. व्हिडिओवर तासभर बोलायला फोन चार-पाच वॉट-तास घेतो. बरोबर आणलेली उपग्रह-इंटरनेटची लहान डिश तासाला तीस वॉट-तासांच्या आसपास घेते. दोन्ही मिळून पस्तीस. विजेच्या किटलीत दोन कप चहाचे पाणी उकळायचे, तर इन्व्हर्टरमधली तूट धरून साठ वॉट-तास जातात. म्हणजे आईशी तासभर, तिचा चेहरा पाहत, उपग्रहावरून बोलायला जेवढी वीज लागते तेवढीत दोन कप चहासुद्धा होत नाही. हा आकडा लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. त्या दिवसापासून चहा गॅसवर आणि वीज फोनला, अशी आमच्या घराची वाटणी ठरली.

पेजला आम्ही लेक पॉवेलच्या काठी वाहवीप येथे उतरलो. इथे घड्याळाने मला चकवले. पेज ॲरिझोनात आहे, त्यामुळे तिथली घड्याळे पुढे जात नाहीत. पलीकडे काही मैलांवर युटा आहे, तिथे ती एक तास पुढे गेलेली असतात. आणि पूर्वेला नाव्हाहो या मूळनिवासी लोकांचे स्वायत्त राष्ट्र सुरू होते, ते ॲरिझोनात असूनही घड्याळे पुढे करते. फोन ज्या टॉवरचा सिग्नल पकडेल त्याची वेळ दाखवतो. मी काठावर फिरायला गेले असताना फोनवर साडेसात झाले म्हणून आईला फोन लावला. तिने घेतला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा माझ्या बोटांना घाम आला होता. शेजारच्या काकांच्या घरी लावावा का, इतक्या सकाळी त्यांना काय सांगावे, अशा विचारात मी जवळजवळ धावत गाडीपर्यंत आले. ओट्यावरच्या घड्याळात पाटणचे सात वाजून वीस मिनिटे झाली होती. पाटणला सातला नळाला पाणी येते. आई पिंप भरत होती आणि फोन आत चार्जिंगला होता. आठ वाजता तिने स्वतःच फोन केला आणि विचारले, “अगं, इतक्या वेळा का लावलास? पाणी सुटलं होतं.” त्यानंतर उरलेले सगळे दिवस मी फोनच्या घड्याळाकडे पाहून एकही फोन केला नाही.

पेजच्या कडेला ग्लेन कॅन्यन धरण आहे. सुमारे तेराशे मेगावॉटची क्षमता असलेले हे वीजकेंद्र. कोयनेची क्षमता जवळपास दोन हजार मेगावॉट आहे. मी पुलावर उभी राहून खाली वाकून पाहिले आणि मला घरी आल्यासारखे वाटले. धरणापासून थोड्या अंतरावर कोळशावर चालणारे नाव्हाहो जनरेटिंग स्टेशन होते, साडेबावीसशे मेगावॉटचे. ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाले आणि त्याच्या तीन उंच चिमण्या डिसेंबर २०२० मध्ये पाडल्या गेल्या. या केंद्राच्या विजेवर कोलोरॅडो नदीचे पाणी शेकडो मैल उपसून फिनिक्सपर्यंत आणले जात होते, म्हणजे माझ्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही ती वीज होती. ज्या जमिनीवर ते केंद्र उभे होते ती जमीन नाव्हाहो लोकांची, कोळसाही बराचसा त्यांच्याच भूमीतला. आणि त्याच नाव्हाहो राष्ट्रातल्या हजारो घरांत आजही वीज नाही.

पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना मला ते दिसले. उच्च दाबाच्या तारा मैलोन्‌मैल आमच्या सोबत चालल्या होत्या. त्यांच्याखाली, लाल मातीत, दूर दूर एकेकटी घरे होती. काहींच्या अंगणात एखादा सौर पॅनेल उभा होता, काहींच्या दारात पाण्याच्या टाक्या असलेली गाडी. घराकडे वळणारी तार मात्र दिसत नव्हती. मी सव्वा युनिटाचा संसार सोळा दिवस हौसेने करत होते, आणि या घरांतली माणसे तसाच संसार पिढ्यान्‌पिढ्या नाइलाजाने करत आली आहेत. हा फरक लिहिताना मला माझ्या वहीतले आकडे थोडे लहान वाटतात. तिथल्या मुलांना अभ्यासाला दिवा आणि म्हाताऱ्यांना मुलांशी बोलायला भरलेला फोन, यापेक्षा वेगळी गरज त्यांचीही नसेल.

कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला हे चित्र अनोळखी नाही. कोयनेची वीज १९६२ पासून निघू लागली आणि ती आधी डोंगर ओलांडून मोठ्या शहरांकडे गेली. जलाशयाच्या कडेच्या वाड्यावस्त्यांवर खांब पोहोचायला किती वर्षे लागली ते वडील नावानिशी सांगत. एका वस्तीवर पहिला दिवा लागला तेव्हा एका म्हातारीने त्यांच्या हातावर गूळ ठेवला होता, ही त्यांची आयुष्यभराची मिळकत होती. म्हणून २०१९ पासून सुरू झालेल्या ‘लाइट अप नाव्हाहो’ या उपक्रमाबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. अमेरिकेच्या वेगवेगळ्या राज्यांतल्या सार्वजनिक वीजसंस्था आपले लाइनमन काही आठवड्यांसाठी इथे पाठवतात आणि ते तिथल्या वीजसंस्थेच्या माणसांबरोबर खांब रोवून, तारा ओढून घराघरांत वीज पोहोचवतात. कधी कधी एका घरासाठी कित्येक खांब लागतात. वडील असते तर त्यांनी मला या कामाबद्दल तासभर प्रश्न विचारले असते.

आता संपर्काच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे सिग्नलबद्दल. इथे तीन मोठ्या मोबाइल कंपन्या आहेत आणि वाळवंटात एकीची रेंज जिथे संपते तिथे दुसरीची असू शकते, म्हणून आमच्या दोघांचे फोन मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. छतावर लावायचा बूस्टर मिळतो, पण तो असलेला क्षीण सिग्नल वाढवतो, नसलेला निर्माण करत नाही. त्याच्यावर पैसे घालण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. आरव्ही पार्कचे वायफाय संध्याकाळी सगळे एकदम वापरू लागले की मान टाकते. सर्वांत भरवशाची जागा मला गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत सापडली. नवऱ्याला एक दिवस काम करणे भाग होते, तेव्हा आम्ही युटातल्या एका लहान गावातल्या ग्रंथालयाशी गाडी लावली. आतल्या बाईंनी पाहुण्यासारखे बसवले, प्लगची जागा दाखवली आणि दार बंद झाल्यावरही वायफाय गाडीतळापर्यंत येते हे आपणहून सांगितले. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घेतले होते आणि कागदी नकाशाही होता. हवामान खात्याचा रेडिओ १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत बोलत असतो. त्याचा लहानसा रिसीव्हर दोन पेन्सिल सेलवर आठवडा काढतो. आणि दरीत उतरण्याआधी मी आईला स्पष्ट सांगत असे, की आज फोन होईल किंवा होणार नाही, आणि झाला नाही तर कुणाला विचारायचे. माझ्या मते या सगळ्या साधनांपेक्षा हे एक वाक्य मोठे आहे. रेंज नसणे तिला चालते. रेंज नाही हे ठाऊक नसणे तिला चालत नाही.

शेवटचे तीन दिवस नॅचरल ब्रिजेसला. वाळूच्या दगडात नदीने कोरलेले तीन प्रचंड पूल, आणि वर पठारावर जुनिपर आणि पिन्यनच्या झाडीत अवघ्या तेरा जागांचा तळ. सव्वीस फुटांहून लांब गाडीला मज्जाव. विजेची जोडणी नाही, फोनला रेंज नाही. या आडबाजूच्या जागेचा विजेच्या इतिहासाशी असलेला संबंध मला तिथल्या माहितीकेंद्रात कळला. विजेच्या तारा इतक्या दूर होत्या की १९८० मध्ये इथे शंभर किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला गेला, आणि तो त्या वेळी जगातला सर्वांत मोठा होता. आज आपल्याकडच्या कारखान्यांच्या छपरांवरही एवढे पॅनेल दिसतात. याच जागेला २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सूर्यापासून वीज घ्यायला जगात पुढे असलेली जागा रात्रीचा अंधार जपण्यातही पहिली ठरली, याचा मला फार आनंद झाला.

आमचा दोनशे वॉटचा पॅनेल मी सकाळी गाडीच्या पूर्वेला मांडला आणि दर दोन तासांनी उन्हाच्या मागे फिरवत राहिले. दुपारी डब्याच्या पडद्यावरचा दीडशे वॉटचा आकडा एकाएकी चाळिसावर आला. आकाश स्वच्छ होते. जवळ जाऊन पाहिले तर जुनिपरच्या एका फांदीची, हाताच्या पंजाएवढी सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर आली होती. आतल्या पेशी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की रांगेतल्या बाकीच्यांची वाटही अडते. पॅनेल वीतभर सरकवला आणि आकडा परत चढला. चांगल्या उन्हात असा दिवसाला पाऊण युनिट मिळत होता, आणि मी तो फळीवर वाळत घातलेल्या पापडांसारखा राखत होते.

दुसऱ्या सकाळी डबा भरायचेच नाव घेईना. रात्री तो बाहेरच्या कप्प्यात राहिला होता आणि पारा शून्याच्या तीन अंश खाली उतरला होता. या प्रकारची लिथियम बॅटरी गोठणबिंदूच्या खाली भरली तर कायमची बिघडते, म्हणून तिचे आतले संरक्षण वीज घेणेच बंद करते. मी डबा उचलून पलंगावर ठेवला आणि त्याच्याभोवती आईच्या हातची गोधडी गुंडाळली. तिच्यात वडिलांच्या खाकी गणवेशाचे दोन तुकडे आहेत. दहा वाजेपर्यंत डब्याला ऊब आली आणि पडद्यावरचा आकडा हलू लागला.

डिश लावावी की नाही यावर आम्हा दोघांत बोलणे झाले. ती किलोभर वजनाची आहे, आणि साडेपाचशे किलोमीटरवरून जाणाऱ्या उपग्रहांशी बोलते. वर मोकळे आकाश लागते, झाड आडवे आले की बोलणे तुटते. तेच उपग्रह या जपलेल्या काळ्या आकाशात सूर्यास्तानंतर रेघांसारखे सरकताना दिसतात, आणि ताऱ्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांच्या चित्रांत ओरखडे उमटवतात. शेजारच्या जागेवर एक गृहस्थ कॅमेरा लावून बसले होते. त्यांच्या देखत ती डिश मांडताना मला संकोच वाटला आणि तो योग्यच होता असे मी मानते. मी त्यांना सांगितले, की अर्धा तास लावीन, दिवा लावणार नाही, आणि आईशी बोलायचे आहे. ते म्हणाले, “मग अवश्य लावा.”

तिथल्या वेळेने साडेआठला, ओट्यावरच्या घड्याळाने आठला, आईचा चेहरा पडद्यावर आला. तिच्यामागे खोली नेहमीपेक्षा अंधारी दिसत होती.

“रात्री वळीव झाला गं, तेव्हापासून लाइट नाही,” ती म्हणाली. “फोन बारा टक्क्यांवर आलाय. तो मिटवते चेहरा, नुसतं बोलूया.”

व्हिडिओ बंद झाला. तिच्या आवाजामागे पागोळ्यांचे थेंब पत्र्यावर पडत होते. पावसाने अंगणातल्या आंब्याच्या कैऱ्या पडल्या, त्या तिने पदरात गोळा करून आणल्या होत्या. मी तिला वाळूच्या दगडातल्या पुलांबद्दल सांगितले, गोधडीत गुंडाळलेल्या डब्याबद्दल सांगितले. ती हसली आणि म्हणाली, तुझ्या वडिलांना हे फार आवडलं असतं. मग थोडा वेळ दोघी गप्प राहिलो. ही पोकळी उपग्रहाची नव्हती.

“तुझ्याकडे आहे ना वीज?” तिने विचारले.

“आहे. एकसष्ट टक्के.”

“मग बरं. माझे नऊ राहिले. काकांच्या इन्व्हर्टरवर लावून येते आणि उद्या आठला करते.”

तिने फोन ठेवला. मी बाहेर जाऊन डिशची वायर काढली आणि शेजारच्या गृहस्थांना झाले म्हणून सांगितले.